भिंतीवरची छोटी पेटी : घरासाठी वायफाय राउटर निवडताना

शेवगावच्या पेठेत सकाळी दुकानाचे शटर वर गेले की पूर्वी दोन गोष्टी आधी होत असत. गल्ल्याला नमस्कार आणि वहीत तारीख. अलीकडे त्यात तिसरीची भर पडली आहे. भिंतीवरच्या छोट्या पेटीचा हिरवा दिवा लागला आहे ना, हे पाहणे. तो लाल असेल तर गिऱ्हाईक दारात उभे असतानाही व्यापाऱ्याचे लक्ष दिव्याकडे जाते.

याला कारण आहे. २०१६ मध्ये यूपीआय आले. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीसाठी ई-वे बिल अनिवार्य झाले आणि १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक पाच कोटींच्या पुढे उलाढाल असणाऱ्यांना ई-इन्व्हॉइसही बंधनकारक झाले. कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक जिनिंगच्या फाटकात उभा आहे, चालक घाई करतो आहे आणि ई-वे बिलाचे पान उघडत नाही, अशा वेळी भिंतीवरच्या त्या पेटीची किंमत तिच्या बिलावरच्या आकड्यापेक्षा कितीतरी अधिक असते. महिन्याच्या वीस तारखेला, विवरणपत्राच्या अखेरच्या दिवशी, हा अनुभव बहुतेक दुकानांत येऊन गेलेला असतो.

असे असूनही या पेटीची निवड मात्र फारशी विचारपूर्वक होत नाही. कापसाचा धागा बोटांत ओढून त्याची लांबी सांगणारा आणि तुरीचा दाणा दाताखाली धरून ओल ओळखणारा माणूस राउटर घेताना मात्र त्याच्या दांड्या मोजतो. चार दांड्यांचा चांगला, सहा दांड्यांचा त्याहून चांगला! पारखीची जी सवय व्यापारी घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे, तीच येथे लावली तर पैसाही वाचतो आणि मनस्तापही.

पेटी एक, कामे दोन

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केली. तालुक्याच्या गावी ती घरात स्थिरावली ती २००५ नंतर, भारत संचार निगमच्या ब्रॉडबँडमुळे. त्या वेळी ती टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येत असे. तार जितकी लांब तितका वेग कमी, पावसाळ्यात जोडात पाणी शिरले की खरखर, आणि वीज कडाडली की तारेवाटे येणारा झटका. आता बहुतेक पेठांत काचेचा धागा, म्हणजे फायबर, पोहोचला आहे. त्यातून प्रकाश वाहतो, विद्युतप्रवाह नव्हे.

या फायबरच्या टोकाला घरात जी पेटी बसवतात ती प्रकाशाचे रूपांतर विद्युत संकेतात करते. तिला ओएनटी म्हणतात. ती सेवा देणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेत नोंदलेली असते, म्हणून ती बहुधा कंपनीचीच ठेवावी लागते. आलेला संकेत घरातील मोबाइल, टीव्ही, संगणक यांना वाटून देणे हे दुसरे काम आणि ते राउटरचे. पुष्कळदा ही दोन्ही कामे कंपनीने दिलेली एकच पेटी करते. कंपनीची पेटी बदलावीच लागते असे नाही. तिला एका वायरने आपला राउटर जोडता येतो आणि तिचे स्वतःचे वायफाय बंद करता येते. हे ठाऊक नसल्याने कित्येक घरे सेवाच बदलतात, आणि तीच अडचण नव्या कंपनीच्या पेटीसह परत येते.

आधी गरजेचा ताळेबंद

शेवगावातील एखादे नेहमीचे घर डोळ्यांसमोर आणावे. खाली कापडाचे किंवा किराण्याचे दुकान, मागे छोटे गोदाम, वर घर. माणसे आठ. दिवे लागण्यापूर्वी जेवणे उरकतात आणि त्यानंतर सारे घर एकाच वेळी इंटरनेटवर येते. दोन टीव्ही सुरू असतात. नातीचा ऑनलाइन क्लास असतो. दादीजी पुण्यातील लेकीशी व्हिडिओ कॉलवर बोलत असतात. खाली मोठा मुलगा दिवसाची बिले संगणकात चढवत असतो आणि दुकानातले चार कॅमेरे आपले चित्र मोबाइलवर पाठवत असतात.

या साऱ्याला लागते किती? चांगल्या प्रतीच्या टीव्हीच्या चित्राला सुमारे ५ एमबीपीएस पुरतात. दोन टीव्हींचे १० झाले. क्लास आणि व्हिडिओ कॉल मिळून ५ ते ६. एका कॅमेऱ्याला साधारण २, म्हणजे चार कॅमेऱ्यांना ८, आणि तेही वर चढणाऱ्या, म्हणजे अपलोडच्या बाजूचे. हिशेबाचे काम, बँकेचे संकेतस्थळ आणि यूपीआय यांना लागणारा वाटा इतका अल्प आहे की तो या बेरजेत किरकोळ खर्चात जावा. गल्ल्यावर बोलणाऱ्या साउंडबॉक्समध्ये तर बहुधा स्वतःचे सिमकार्ड असते. एकूण बेरीज पंचवीस-तीसच्या घरात जाते. याचा अर्थ १०० एमबीपीएसची योजना अशा घराला भरपूर आहे. अतिशय स्पष्ट, म्हणजे ‘फोर-के’ प्रतीचे चित्र पाहणारा टीव्ही असेल तर त्याला १५ ते २५ धरावेत. तरीही बेरीज शंभराच्या आतच राहते.

मग ‘नेट चालत नाही’ ही तक्रार येते कोठून? नगरपालिकेचे पाणी टाकीत भरपूर आले, पण वरच्या मजल्यावरच्या नळाला धार नाही, असा तो प्रकार असतो. पुरवठा पुरेसा आहे, वाटप सदोष आहे. नवा राउटर घेण्यापूर्वी दोष कोठे आहे हे पाहण्याची सोपी कसोटी आहे. लॅपटॉप कंपनीच्या पेटीला वायरने जोडून वेग मोजावा. नंतर त्याच पेटीशेजारी उभे राहून वायफायवर मोजावा. शेवटी सर्वांत दूरच्या खोलीत जाऊन मोजावा. वायरवरच वेग कमी असेल तर दोष कंपनीच्या सेवेचा आहे. त्यावर कितीही महागडा राउटर आणला तरी उपयोग नाही, तेथे तक्रारच नोंदवली पाहिजे. वायरवर वेग पूर्ण आणि पेटीशेजारी वायफायवर कमी असेल तर पेटी जुनी झाली. दोन्हीकडे पूर्ण आणि दूरच्या खोलीत कमी असेल तर दोष भिंतींचा व जागेचा आहे. अर्ध्या तासाच्या या तपासणीत कधी कधी खरेदीची गरजच संपते.

भिंती बोलतात

१८९५ साली कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी अदृश्य लहरी भिंतींच्या पलीकडे पाठवून तेथील घंटा वाजवून दाखवली होती. वायफाय हे त्याच लहरींच्या कुळातले. पण प्रत्येक भिंत त्यांच्याकडून आपली जकात वसूल करते.

राउटर प्रायः दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते, ५ गिगाहर्ट्‌झची सुमारे सहा. लांब लहर भिंत अधिक चांगली ओलांडते आणि दूरवर पोहोचते, पण तिच्यावर गर्दी फार. शेजाऱ्याचा राउटर, ब्लूटूथ, इतकेच काय, स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्हही त्याच परिसरात वावरतो. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग १, ६ आणि ११ असे तीनच आहेत. भिंतीला भिंत लागून असलेल्या पेठेत वीस घरांचे राउटर या तीन वाटांवर चालतात, मग खोळंबा होणारच. ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा मोकळा आणि वेगवान आहे. भारतात ऑक्टोबर २०१८ मध्ये त्याचा मोठा भाग परवान्याविना वापरास खुला झाला. मात्र त्याला जाड भिंत सोसत नाही. म्हणून दोन्ही पट्टे असलेला, ज्याला दुकानदार ‘ड्युअल बँड’ म्हणतात, असाच राउटर घ्यावा. एकाच पट्ट्याचा राउटर चारपाचशे रुपये स्वस्त मिळतो, पण ती काटकसर महागात पडते.

आपल्याकडील घरांची ठेवण येथे महत्त्वाची. जुन्या वाड्याच्या दगडमातीच्या भिंती दोन-दोन फूट जाड असतात. पेठेतील नवी घरे तोंडाला अरुंद आणि मागे लांबलचक असतात. मजल्यांमध्ये सळयांचा स्लॅब असतो. यांशिवाय लोखंडी शटर, तिजोरी, गोदरेजचे कपाट, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी ही सारी लहरींच्या वाटेतील अडथळ्यांची मांदियाळी. आणि राउटर बसवतात कोठे? जेथे वायर घरात शिरली तेथेच, म्हणजे बहुधा दुकानाच्या दर्शनी कोपऱ्यात, शटरच्या डोक्यावर. निम्म्या लहरी रस्त्यावर जातात. वायर आठ-दहा मीटर वाढवून राउटर घराच्या मध्यभागी, डोक्याच्या उंचीवर, मोकळ्या जागी आणला तर पुष्कळ तक्रारी पैशाविना मिटतात.

खोक्यावरचे आकडे

खोक्यावर ‘एसी १२००’ किंवा ‘एएक्स ३०००’ असे आकडे ठळक छापलेले असतात. ते वेगाचे आहेत असे समजून माणूस मोठा आकडा उचलतो. वास्तविक ती बेरीज असते. एसी १२०० म्हणजे २.४ च्या पट्ट्यावरील ३०० आणि ५ च्या पट्ट्यावरील ८६७ यांची बेरीज, तीही वर ओढून पूर्ण केलेली. कोणताही एक मोबाइल एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, म्हणून ही बेरीज त्याच्या वाट्याला कधीच येत नाही. शिवाय हे आकडे प्रयोगशाळेतील कमाल मर्यादेचे. प्रत्यक्षात जवळच्या खोलीत त्याचा निम्मा भाग मिळाला तरी समाधान मानावे.

बारीक अक्षरात छापलेली एक गोष्ट मात्र आवर्जून वाचावी. राउटरच्या मागे वायर लावण्याची जी छिद्रे असतात त्यांचा वेग. स्वस्त ‘एसी १२००’ राउटरांत ती पुष्कळदा १०/१०० जातीची असतात. म्हणजे घरात २०० एमबीपीएसची योजना घेतली तरी त्या छिद्रातून शंभराहून अधिक आत येऊच शकत नाही. दर महिन्याला दोनशेचे पैसे भरायचे आणि वापरायचे शंभर! ‘गिगाबिट’ हा शब्द खोक्यावर शोधावा. तो नसेल तर खोके परत ठेवावे.

पिढीचा विचारही करावा. वायफायचे पहिले मानक १९९७ सालचे. २०१८ पासून सामान्य माणसासाठी पिढ्यांना सोपे क्रमांक मिळाले. वायफाय ४, ५, ६ असे. आज नवीन घेताना वायफाय ६ घ्यावे. त्याचा लाभ केवळ वेगात नाही, वाटपात आहे. जुना राउटर एका वेळी एकाच ग्राहकाचा माल भरून टेम्पो पाठवी, मग तो टेम्पो रिकामा का धावेना. वायफाय ६ एकाच फेरीत अनेक दुकानांच्या पेट्या लादतो. घरात वीस-पंचवीस उपकरणे असतील तेथे हा फरक जाणवतो. वायफाय ७ ची प्रमाणपत्रे जानेवारी २०२४ पासून मिळू लागली, पण त्याचा पूर्ण लाभ ६ गिगाहर्ट्‌झच्या नव्या पट्ट्यावर मिळतो. त्या पट्ट्याचा खालचा भाग खुला करण्याचे मसुदा नियम केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये प्रसिद्ध केले. घरातील मोबाइलही त्या पिढीचे असल्याखेरीज त्यासाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजण्यात अर्थ नाही.

आणि दांड्या? लहरींची कमाल शक्ती सरकारी नियमाने ठरलेली आहे. दांड्या वाढवून ती मर्यादा ओलांडता येत नाही. आत काम करणारे प्रवाह किती आहेत, यावर लाभ अवलंबून असतो आणि ते बाहेरून दिसत नाहीत.

एक पुरेल की दोन हवेत?

दोन-तीन खोल्यांच्या घराला मध्यभागी बसवलेला एक राउटर पुरतो. खाली दुकान, वर घर आणि मागे गोदाम असेल तेथे एक पुरणार नाही. येथे तीन मार्ग आहेत.

पहिला, रिपीटर. तो स्वस्त असतो, पण एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि त्यावरच पुढे सांगतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. शिवाय तो दूरच्या, आधीच क्षीण झालेल्या जागी लावला तर क्षीणतेचीच नक्कल पुढे जाते.

दुसरा, मेश. दोन किंवा तीन पेट्या एकाच नावाने चालतात. माणूस खालून वर गेला तर मोबाइल आपोआप जवळच्या पेटीकडे वळतो. सोय उत्तम, मात्र खर्च अधिक. आणि दोन पेट्यांमध्ये दोन फुटांची भिंत असेल तर त्यांनाही एकमेकींचे ऐकू येत नाही.

तिसरा मार्ग सर्वांत जुना आणि सर्वांत खात्रीचा. वायर टाकणे. कॅट-६ वायर पाइपातून वर नेऊन तिच्या टोकाला दुसरा राउटर लावला तर भिंतींचा प्रश्नच उरत नाही. जे कुटुंब नवे घर बांधत आहे त्याने विजेच्या पाइपांबरोबर प्रत्येक मजल्यावर एक स्वतंत्र रिकामा पाइप टाकून ठेवावा. आज काही शेकड्यांत होणारे हे काम नंतर भिंत फोडून करताना हजारांत जाते. गोदाम वेगळ्या इमारतीत असेल तर मात्र उघड्यावरून तांब्याची वायर नेऊ नये. विजांच्या दिवसांत तीच झटका आत आणते. तेथे फायबरचा तुकडा टाकावा.

वीज आणि ऊन

वीज ये-जा करणाऱ्या गावात राउटरचे आयुष्य त्याच्या पोषणावर अवलंबून असते. फायबरची एक विशेषता अनेकांना ठाऊक नसते. केंद्रापासून घरापर्यंतच्या वाटेत त्याला बहुधा विजेची गरजच नसते. म्हणून केंद्राकडे बॅटरी असेल आणि आपल्या घरातील पेटी सुरू राहिली तर सारी पेठ अंधारात असतानाही इंटरनेट चालू राहू शकते. यासाठी बारा व्होल्टची छोटी यूपीएस मिळते. ती घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. ओएनटी आणि राउटर अशा दोन्ही पेट्यांना पुरेल अशी दोन तोंडे आहेत का आणि अॅडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट व अँपिअर तिच्याशी जुळतात का. पुष्कळ लोक राउटरला यूपीएस लावतात आणि ओएनटीला विसरतात. दिवा लागलेला असतो, पण इंटरनेट नसते.

अॅडॉप्टरवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि नोंदणी क्रमांक असावा. राउटर बिघडला असे समजून फेकून दिल्या जाणाऱ्या कित्येक पेट्यांत बिघडलेला असतो तो केवळ अॅडॉप्टर.

उन्हाचा मुद्दाही आहेच. घरगुती राउटर साधारण ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत चालण्यासाठी बनवलेले असतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा तेवढा आणि त्याहूनही वर सहज जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा बंद कपाटात ठेवलेला राउटर दुपारी अडखळू लागला तर दोष त्याचा नसतो.

कुलूप कोणाच्या हाती?

या विषयातील सर्वांत गंभीर भाग हा आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्यापूर्वी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल पोहोचला होता. तपास पथकाने माग काढला तो नवी मुंबईतील सानपाड्यात, एका परदेशी नागरिकाच्या घरी जाऊन थांबला. त्यांचा संगणक जप्त झाला, त्यांची कसून चौकशी झाली. त्यांनी तो ई-मेल पाठवलाच नव्हता. त्यांच्या घरातील वायफायचा वापर बाहेरच्या माणसांनी केला होता. पुढील दोन महिन्यांत असे आणखी ई-मेल माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या आणि चेंबूरमधील एका कंपनीच्या वायफायवरून पाठवले गेले. त्यानंतर जानेवारी २००९ मध्ये उघडी वायफाय जाळी शोधण्यासाठी मुंबई पोलिसांची पथके रस्त्यावर उतरली आणि त्याच वर्षी दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्यासंबंधी सूचना काढल्या.

बँकेत कोरा सही केलेला चेक कोणी काउंटरवर ठेवून जात नाही. उघडे वायफाय हा तसाच चेक आहे. जोडणी ज्याच्या नावावर, पहिली विचारणा त्याला.

दुसरा धोका अधिक नित्याचा. राउटरच्या आत शिरण्याचा कारखान्याने दिलेला पासवर्ड, ‘अॅडमिन’ किंवा तत्सम, बहुतेक घरांत वर्षानुवर्षे तसाच असतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील कॅमेरे व राउटर अशाच न बदललेल्या पासवर्डांची यादी वापरून ताब्यात घेतले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्या आधारे अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. राउटर परक्याच्या हाती गेला तर तो बँकेचा पत्ता टाइप करणाऱ्याला हुबेहूब बँकेसारख्या दिसणाऱ्या खोट्या पानावरही नेऊ शकतो.

उपाय साधे आहेत. राउटर बसवल्याच्या दिवशी दोन पासवर्ड बदलावेत, एक वायफायचा आणि दुसरा आत शिरण्याचा. दोन्ही वेगळे असावेत. दुकानाचे नाव, मोबाइल क्रमांक आणि ‘१२३४५६७८’ हे पासवर्ड नव्हेत. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-२ किंवा २०१८ मध्ये आलेला डब्ल्यूपीए-३ असावा. बटण दाबून जोडणारी डब्ल्यूपीएस सोय आणि बाहेरून राउटर हाताळण्याची सोय बंद ठेवावी. २०१७ मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी डब्ल्यूपीए-२ मधील एक उणीव दाखवून दिली तेव्हा उत्पादकांनी दुरुस्त्या पाठवल्या, पण त्या मिळाल्या त्यांनाच ज्यांची पेटी अद्ययावत होत होती. म्हणून आपोआप अद्ययावत होणारा आणि ज्याचा उत्पादक दुरुस्त्या देत राहतो असाच राउटर घ्यावा.

व्यापारी घराला एक सूचना विशेष. ओळखीचे गिऱ्हाईक साडी पाहता पाहता सहज विचारते, “भाऊ, वायफायचा पासवर्ड द्या ना.” नाही म्हणवत नाही. त्यासाठी राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ असते. पाहुण्याला इंटरनेट मिळते, पण हिशेबाच्या संगणकापर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. बैठकीत पाहुण्यांची सरबराई होते, तिजोरीच्या खोलीत होत नाही. कॅमेरे आणि टीव्हीही याच वेगळ्या जाळ्यावर ठेवावेत. इतके करूनही पैशाची फसवणूक झालीच तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. पैसे पुढे सरकण्यापूर्वी रोखले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

बिल आणि वहीखाते

आता आकडेमोड. चांगला वायफाय ६ राउटर आज साधारण तीन ते चार हजारांत मिळतो. समजा राउटर ३,५०० रुपये आणि यूपीएस १,५०० रुपये, एकूण ५,०००. दहा वॉटची पेटी अहोरात्र चालली तर दिवसाला ०.२४ आणि वर्षाला सुमारे ८८ युनिट लागतात. पाच वर्षांची ४४० युनिट, नऊ रुपये दराने सुमारे ४,०००. योजना महिना ५०० रुपयांची असेल तर १८ टक्के जीएसटीसह ५९०, म्हणजे पाच वर्षांत ३५,४००. सारी बेरीज ४४,४००, दिवसाला सुमारे चोवीस रुपये. त्यात राउटरचा स्वतःचा वाटा दोन रुपयांहूनही कमी. पंधराशेचा आणि साडेतीन हजारांचा राउटर यांतील फरक दिवसाला साधारण एक रुपया दहा पैसे भरतो. मासिक हप्त्यात घासाघीस करण्याजोगे पुष्कळ आहे, पेटीत फार नाही.

खरेदी दुकानाच्या नावे असेल तर बिलावर जीएसटी क्रमांक घालून घ्यावा. नेहमीच्या पद्धतीने कर भरणाऱ्या व्यापाऱ्याला व्यवसायातील वापराच्या प्रमाणात भरलेल्या कराची वजावट मिळते, घरगुती वापराच्या भागाची नाही. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला ती मिळत नाही. घसाऱ्याबाबत एक निर्णय लक्षात ठेवण्याजोगा आहे. डेटाक्राफ्ट प्रकरणात प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या मुंबई येथील विशेष पीठाने २०१० साली राउटर व स्विच हे संगणकासोबत वापरले जात असतील तर ते संगणकच होत, असे ठरवले. संगणकाचा घसारा तेव्हा ६० टक्के होता, पुढे तो ४० टक्के झाला. रक्कम लहान असली तरी नोंद योग्य रकान्यात व्हावी. आपल्या सीएंना एकदा विचारून घ्यावे.

खरेदी गावातल्या दुकानातून करावी की ऑनलाइन? ऑनलाइन दोनशे रुपये कमी पडतील. पण वीस तारखेच्या संध्याकाळी पेटी बंद पडली तर मोटारसायकलवरून येणारा माणूस गावातलाच असतो. बिल, वॉरंटीचा कागद आणि पेटीचा क्रमांक जपून ठेवावा. पासवर्डही एका कागदावर लिहून तिजोरीत ठेवावा. घरात तो एकट्या नातवालाच ठाऊक असावा आणि नातू शिक्षणासाठी बाहेरगावी असावा, अशी वेळ पुष्कळ घरांवर येते.

तात्पर्य इतकेच. आधी वेग तीन ठिकाणी मोजावा. मग पेटीची जागा बदलून पाहावी. त्यानेही भागले नाही तर दोन पट्ट्यांचा, गिगाबिट छिद्रांचा, वायफाय ६ व डब्ल्यूपीए-३ असलेला राउटर घ्यावा. मोठ्या घरात दुसऱ्या मजल्यासाठी वायर टाकावी. दोन्ही पेट्यांना एक यूपीएस द्यावी. आणि ज्या दिवशी पेटी भिंतीवर लागेल, त्याच दिवशी तिचे पासवर्ड बदलावेत. हे शेवटचे काम दहा मिनिटांचे आहे, त्याला पैसे लागत नाहीत आणि बहुतेक घरांत तेच राहून जाते.